सातव्या राजपुत्राची जहागीर

सातव्या राजपुत्राला जहागीर द्यायची होती आणि राज्यात जमीनच उरली नव्हती! थोरल्याला गादी मिळणार होती. मधल्या पाचांना दुधाचे दात पडायच्या आत एकेक परगणा आणि हातभर लांब किताब देऊन चंडसेन महाराज मोकळे झाले होते. त्यातला कोंबडीला भिणारा तो ‘शत्रुमर्दन’! आता रांगत्या धाकट्यासाठी ‘भूमिपाल’ हा किताब तयार होता, फक्त भूमीचा पत्ता नव्हता.

“करंजवाडीचं गायरान द्या, रिकामंच पडलंय,” प्रधानजी म्हणाले.

रिकामं? अख्ख्या गावाची गुरं तिथं चरत होती! गुराख्याची पोर सारजा हे ऐकून संतापली. महाराज लवाजम्यासह गायरानात आले, तेव्हा ती मातीचं ढेकूळ घेऊन वाटेतच उभी राहिली.

“मुजरा, महाराज! नव्या मालकानं ढेकूळ डोक्यावर घेऊन अनवाणी शीव फिरायची, ही आमच्या गावची रीत. त्याबिगर गाव कुणाला मालक मानत न्हाई.”

“अगं, राजपुत्र अजून रांगतात!”

“मग बापानं फिरावं.”

एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणणार? महाराजांनी मोजड्या काढल्या आणि ढेकूळ डोक्यावर घेतलं. पहिल्या वळणावर बाभळीचा काटा घुसला, दुसऱ्यावर पाय ताज्या शेणात गेला. पुढच्या लिंबाखाली महाराजांनी धापा टाकत बसकण मारली. दरबारी मंडळी शेल्यात तोंड लपवून खुसखुसू लागली.

महाराज भडकले. “गायरान सोडतो! पण मग जमीन तूच दाखव. भावांची तसूभर घ्यायची नाही आणि माझ्या कोठारातला दाणाही कमी व्हायला नको. जमलं नाही, तर उद्या पालखीत बसून शीव फिरेन. बघू कोण अडवतं!”

गुरं लिंबाभोवती निवांत चरत होती. त्यांच्याकडं बघून सारजानं धीर एकवटला.

“हाय की जमीन! राजवाड्यामागचं तुमचं शिकारीचं रान. तिथं पीक न्हाई, म्हंजे कोठाराला धक्का न्हाई. भावांचा वाटा न्हाई. आणि शीव कशी, सगळी सावलीची!”

“आणि माझी शिकार?”

“महाराज, इतकी वर्सं तुम्ही बाण मारताय, त्या रानातलं एक हरिण तरी कमी झालंय का? मग रान लेकाला दिलं, तर तुमचं काय कमी हुणार?”

प्रधानजी घाईघाईनं आभाळाकडं बघू लागले. महाराजांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं आणि पायातला काटा विसरून ते खो खो हसत सुटले!

“घे!” त्यांनी ढेकूळ तिच्या ओंजळीत ठेवलं. “गायरान कायमचं गावाचं! आणि माझ्या गोठ्यातली दुभती गाय तुझी. किताब कोणता देऊ, बोल!”

“गाय नेते, महाराज,” सारजा म्हणाली. “किताब राहू द्या. आठवा राजपुत्र झाला, तर त्याला काय देणार?”