बॅटरी आणि घड्याळाचा घोट

वस्तू बोलायच्या त्या काळी, गाडीमागे जोडायचं एक फिरतं घर पावसाळाभर कुलूपबंद उभं होतं. आतली म्हातारी बॅटरी दिवसेंदिवस खंगत चालली. रिकामी झाली की भंगारात रवानगी ठरलेली.

“कोण रे मला पितंय?” तिने दरडावलं.

“मी,” भिंतीवरचं घड्याळ म्हणालं. “पण माझा घोट चिमणीएवढा. मी थांबलो तर वेळ कोण सांगणार?”

“बंद घरात वेळ विचारतंय कोण, शहाण्या? चिमणी रोज प्यायली तर रांजणही आटतो.”

तिने आपल्याला तारेशी जोडणाऱ्या चिमट्याला बजावलं, “सोड मला.”

“नातं तुटेल, आजी.”

“धरून बसलास तर आजीच उरणार नाही.”

चिमटा सैल झाला. घड्याळ रुसून थांबलं.

पाऊस सरल्यावर मालकिणीने चिमटा आवळला, तसा दिवा लख्ख लागला. घड्याळाने दचकून विचारलं, “किती वाजले?”

“निघायची वेळ झाली,” बॅटरी म्हणाली.