गिटारीची गप्प बाजू

"लहूदादाला नेलं ते नेलं, त्याच्या गिटारीचा अर्धा आवाज कशाला नेला?"

असं एका गावातला एक भोळा भाऊ भेटेल त्याला विचारत होता. लोक म्हणायचे, "चहा घे, अंकुश." तो चहा घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा.

लहू त्याचा थोरला भाऊ. बँजो पार्टीत बेस गिटार वाजवायचा. पार्टीची रीत अशी, की वाजवणारा गेला की त्याचं वाद्य वर्षभर खुंटीला टांगायचं. वर्षश्राद्धाला ते त्याच्या घरी वाजवायचं, मग दुखवटा सुटतो. आई वर्षभर चुलीपाशी बसून होती. उंबऱ्याबाहेर आली नव्हती. तिने सांगून ठेवलं होतं, "माझ्या लहूचं वाजायचं तसं वाजू दे. अर्धंमुर्धं वाजलं तर मी उठायची नाही."

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी अंकुशने गिटार खुंटीवरून काढून वाजवून पाहिली, तर ती अर्धीच वाजत होती. तारांखाली दोन काळ्या पट्ट्या होत्या. त्यांना पिकअप म्हणतात, त्या तारांचा आवाज उचलतात. एकीचा आवाज पातळ, दुसरीचा जाड. पातळ यायचा. घरातली भांडी थरथरवणारा जाड आवाज येतच नव्हता.

अंकुश पार्टीच्या मालकाकडे, हणमंततात्यांकडे गेला.

"मुक्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरने टकटक कर," तात्या म्हणाले. "आवाज आला तर पट्टी चांगली."

"बरं," अंकुश म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

घरी येऊन त्याने टकटक केली. आवाज आला. तो पळत परत गेला. "तात्या, पट्टी चांगली आहे!"

"स्पीकर चालू होता का?"

"नाही."

"अरे येड्या, आधी लाईट लावायची, मग ठोकायचं! जा, धोंडूमामाकडची वायर आण. वायर बदलून बघ."

"बरं," अंकुश म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

धोंडूमामा आईचा धाकटा भाऊ. पार्टीत ढोल वाजवायचा. भर दुपारी ओट्यावर घोरत पडला होता. अंकुशने आधी ओट्यावरची लाईट लावली. मग मामाच्या कपाळावर स्क्रूड्रायव्हरने टकटक केली.

"आई गं! मेलो!"

"नाही मामा, आवाज आला. तुम्ही चांगले आहात."

"झोपलेल्याला ठोकतात होय रे? तो उठेपर्यंत शेजारी गप बसावं!"

"बरं," अंकुश म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

मामाने वायर त्याच्या अंगावर फेकली. अंकुशने ती गिटारीला लावली. जाड आवाज गप्पच. म्हणजे झोपलाय. अंकुश गिटारीशेजारी गप बसला. जेवायला उठला नाही. कोंबडा आरवला, तर त्याच्यावर डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी तात्या बघायला आले. "काय झालं रे?"

"हळू बोला. झोपलाय."

"गप बसून कुणी उठतं का? उठवायचं तर पार कानाशी जाऊन मोठ्याने वाजवावं लागतं!"

"बरं," अंकुश म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

तात्यांनी वायरीची पिन उपसून पाहिली आणि आपल्याच कपाळावर हात मारला. "ही गिटार स्टिरिओ. दोन पट्ट्यांच्या दोन वाटा. पिनेवर दोन काळ्या कड्या पाहिजेत. ही एका कडीची. एक वाट बंद पडणारच! लहूची वायर कुठाय?"

"त्याच्या अंथरुणाबरोबर टाकली. मामांनी."

तात्या तालुक्याला जाऊन नवी वायर घेऊन आले. एका टोकाला दोन कड्यांची पिन, दुसऱ्या टोकाला दोन फाटे. "दोन फाटे, दोन स्पीकर," ते म्हणाले. "चिकटवून ठेवू नकोस. लांब लांब ठेव."

वर्षश्राद्धाला घर पाहुण्यांनी भरलं. धोंडूमामा आईची समजूत घालत होता. "रडू नको, अक्का. पोर ओढ्याकाठी शांत झोपलंय."

अंकुशने कान टवकारले. "दादा झोपलाय?"

"गाढ झोपलाय रे," मामा म्हणाला.

अंकुशने एक स्पीकर खांद्यावर घेतला. पार्टीच्या टेम्पोत होती नव्हती तेवढी वायर जोडत जोडत तो मागच्या दाराने गेला. हात झटकत परत आला तेव्हा मामा आणि भावकी कावळ्याला घास ठेवायला ओढ्यावर गेली होती.

अंकुशने गिटार गळ्यात घातली आणि तार छेडली. घरातून पातळ आवाज आला.

"जाड कुठाय?" तात्या म्हणाले.

तेवढ्यात ओढ्यावरून, थेट स्मशानातून, आवाज आला. धुम्म. धुम्म.

भावकी धोतरं धरून पळत आली. कावळे त्यांच्याही पुढे होते. सगळ्यांत मागे धोंडूमामा, एका पायात चप्पल, हातात घासाचं पान. "उठला! लहू उठला!"

"उठला?" अंकुशने बटण शेवटपर्यंत पिळलं. फडताळातली भांडी थरथरली. अर्धे पाहुणे पुढच्या दाराने पळाले, अर्धे मागच्या.

"येड्या, स्पीकर तिकडे कुणी ठेवायला सांगितला?" तात्या ओरडले.

"तुम्हीच. उठवायचं तर पार कानाशी."

आई चुलीपासून उठली. उंबरा ओलांडून अंगणात आली. एका बाजूला घर वाजत होतं, दुसऱ्या बाजूला ओढा. ती मधोमध उभी राहिली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "अंकुश, जरा हळू रे. दचकून उठला की रडतो तो."

"बरं," अंकुश म्हणाला, आणि त्याने बटण जरासं मागे फिरवलं.