चंद्रीची लाथ

बारा गावांच्या डेअऱ्यांत दूध नोंदवायला इंदू खरातनं लिहिलेला प्रोग्राम चाले. तिची अट सरळ होती : फुकट न्या, सुधारा, पण सुधारलेलं सगळ्यांपुढं उघडं ठेवा, झाकून विकायचं असेल, तर माझ्याकडून परवाना विकत घ्या.

सरपोतदार कंपनीवाल्यानं तो गुपचूप उचलला, आपलं नाव चिकटवलं आणि वर इंदूलाच नोटीस धाडली, की आमचा प्रोग्राम बारा गावांतून बंद कर. चोर तो चोर, वर शिरजोर!

इंदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरपोतदार आपला प्रोग्राम दाखवायला डेअरीत आला, तेव्हा भर सभेत ती उठली. "साहेब, तुमच्या प्रोग्रामात म्हशीचं नाव चंद्री घाला बघू."

घातलं. पडद्यावर उमटलं : "चंद्रे, आज लाथ मारू नगंस."

"ही माझ्या गोठ्यातली म्हैस. तिच्या लाथांना वैतागून मीच लिहिलंय हे. तुमच्याकडं कशी आली?"

सभा खदाखदा हसली. सरपोतदार लालबुंद झाला. "फुकट वाटलेलं घेतलं, त्यात काय बिघडलं?"

"पाणपोईचं पाणी फुकटच असतं, साहेब. पोटभर प्या. पण पाणपोईलाच कुलूप घालून किल्ली खिशात टाकायची, तर आधी बांधणारीला विचारून मोल मोजावं लागतं. बोला, कुलूप काढता का मोल देता?"

साहेबानं नोटीस तिथंच फाडली आणि परवान्याचं मोल मोजलं. चंद्री कधीच मेली, पण तिची लाथ साहेबाला अजून ठणकते.