सुभेदाराच्या थडग्यावरची ओळ

फार जुन्या मिसर देशातली ही गोष्ट. तिथे नाईल नदीला पूर आला तरच पीक यायचं, आणि त्या वर्षी पूर आलाच नाही. हेपू सुभेदाराच्या प्रांतात लोक झाडपाला शिजवून खाऊ लागले. हेपूला ते बघवेना. राजाला न विचारताच त्याने सरकारी कोठार उघडलं आणि घरोघरी धान्य वाटलं.

हेपूवर आधीपासून डूख धरून असलेल्या राजाच्या प्रधानाला आयतंच निमित्त मिळालं. तो राजाला नावेत घालून घेऊनच आला.

"बघा महाराज, तुमचं कोठार! उंदीरसुद्धा उपाशी मरेल इथे. याची सुभेदारी काढा आणि याला दगडाच्या खाणीत धाडा."

"काय रे हेपू, काही सांगायचंय?" राजाने विचारलं.

"विचारायचंय, महाराज," हेपू हळूच म्हणाला. "आपल्या रीतीप्रमाणे मी जिवंतपणीच माझं थडगं बांधतोय. पाथरवट भिंतीवर माझी सगळी चाकरी कोरतोय. या वर्षापाशी त्याचा हात अडलाय. 'या राजाच्या राज्यात दुष्काळातही कोणी उपाशी मेलं नाही,' असं कोरू? की हुकूम असेल तर घरोघरचं धान्य परत आणू, आणि 'माणसं मेली, पण राजाचं कोठार भरलेलं राहिलं,' असं कोरू? दगडावरचं पुसता येत नाही, म्हणून आधी विचारतो."

राजाने रिकाम्या कोठारावरून एकदा नजर फिरवली. मग प्रधानाला म्हणाला, "चला, नाव वळवा."

नावेत पाय ठेवताना तो थांबला.

"हेपू, पहिलीच ओळ कोर. पण माझं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं काढायला सांग."