ताईच्या हातची गणितं

फार फार वर्षांपूर्वी, राजेलोक मोहरांपेक्षा ग्रहताऱ्यांची जास्त चौकशी करत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी आपलं लक्ष नाही असं दाखवत ऐकावी.

एका डोंगरावर राजाची वेधशाळा होती. दरवर्षी गणिताची परीक्षा होई. जो उत्तीर्ण होई तो वर जाई, आणि शिक्षण संपेपर्यंत खाली येत नसे.

पायथ्याच्या गावातल्या वेणूची थोरली बहीण अशीच वर गेली होती. जाण्याआधी तिने ओसरीची भिंत कोळशाने सोडवलेल्या गणितांनी भरून टाकली. "हे शीक आणि ये गं माझ्यामागे," एवढंच ती म्हणाली.

वेणूला ताईशिवाय करमेना. ती रोज भिंतीपुढे बसे. ताईचा वळणदार पाच, घाईत ओढलेला सात बघून तिचे डोळे भरून येत. गणितं तोंडपाठ झाली. दिवाळीला सगळं घर चुन्याने पांढरं झालं, पण त्या भिंतीला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

परीक्षेचा दिवस आला. पहिलं गणित अगदी ताईच्या गणितासारखं होतं, फक्त आकडे वेगळे. वेणूने डोळे मिटले. भिंत आठवली, उत्तर काही येईना. ती तिथेच हट्टाने अडून बसली आणि घंटा झाली. पुढची सोपी गणितं तशीच राहिली.

ती रडत गावच्या पंतोजींकडे गेली. "मला सगळं येत होतं हो!"

"तुला पाठ होतं, पोरी. सोडवलं होतंस कधी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती भिंत पांढरी कर आणि तीच गणितं आपल्या हाताने मांड."

"पण तिथे माझी ताई आहे!"

"ताई डोंगरावर आहे गं. भिंतीवर नुसता तिचा अभ्यास आहे."

वेणू चुन्यात कुंचला बुडवायची आणि थांबायची. शेवटचा सात झाकताना तिला हुंदका आवरला नाही. मग भिंत वाळल्यावर तिने पहिलं गणित मांडलं. चुकलं. पुन्हा मांडलं. एखादं अडलं की ती पुढच्याला हात घाली आणि डोकं थंड झालं की मागे येई. उत्तर आलं तरी उलट बाजूने ताडून पाही. भिंत वर्षभर काळी-पांढरी होत राहिली, आणि चुना संपतो म्हणून आई कुरकुरत राहिली.

पुढच्या परीक्षेतही वेणू पहिल्याच गणितावर अडली. तिने ते सोडून दिलं, बाकीची सगळी सोडवली, मग शांतपणे त्याच्याकडे वळली. ते सुटलं.

वेधशाळेच्या दारात ताईने तिला घट्ट मिठी मारली. "मी नव्हते, मग तुला शिकवलं कुणी गं?"

"तू नव्हतीस ना," वेणू म्हणाली. "म्हणून माझं मलाच शिकावं लागलं."

बाळांनो, दुसऱ्याने सोडवलेलं गणित कितीही जिवाभावाचं असलं, तरी परीक्षेला आपलाच हात घेऊन जावं लागतं.