दोन गळ्यांचं दावं

“उस्मानाबादी की संगमनेरी? एवढं एकच सांगा बाबा. बाकी सगळं मी काढलंय.”

प्राध्यापक निमकरांनी मांडीवरची फाइल उघडली. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. फाइलीत रकाने आखले होते. बकरीची कुठली जात किती खाते, किती ओरडते, किती वर्षं जगते.

लतीफबाबा चिंचेखाली बसून सुबाभळीच्या डहाळ्यांच्या पेंढ्या बांधत होते. त्यांनी फाइलीकडे पाहिलंही नाही.

बाबा फकीर होते. टेकडीवरच्या त्यांच्या तकियात लोक नवसाच्या बकऱ्या सोडून जात. बाबा त्या कापू देत नसत आणि विकतही नसत. नीट सांभाळील अशा माणसाला पाळायला देत. त्यामुळे तिथं सगळ्या जातींच्या बकऱ्या होत्या, आणि कुठली न्यावी हे विचारायला लांबून माणसं येत. ऐकून घ्यायला मात्र त्यातली थोडीच येत.

“जागा किती?” बाबांनी विचारलं.

“दहा गुंठे. कुंपण घातलंय. उत्तम गवत आहे.”

“बकरी गवतावर खूश नसते, साहेब. तिला पाला लागतो. मान वर करून ओरबाडायला.”

“आहे ते फाइलीत.” निमकर घाईनं म्हणाले. “मला दूध नको, पिल्लं नकोत. लळा लावणारं जनावर हवंय. माझ्या पत्नीसाठी.”

बाबांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. निमकरांची गाडी उभी होती. काचा वर केलेल्या, आत एक बाई.

“त्या का नाय आल्या वर?”

“मीच म्हटलं, बस गाडीत. इथं धूळ, वास... आणि येऊन तरी काय करणार? महिना झाला, ती बोलत नाही.”

“कुणाशी?”

“कुणाशीच नाही. नावापुरतं जेवते. दोन डॉक्टर झाले.” निमकरांनी चष्मा काढून पुसला. “मला भीती वाटायला लागलीय, बाबा. ही अशीच संपून जाईल.”

“कधीपासनं हे?”

“बकरी मेली त्या दिवसापासून. चांदणी. गेल्या वर्षी तुमच्याकडूनच नेली होती. ती जात आमच्याकडे मानवली नाही. म्हणून तर विचारतोय, या वेळी कुठली नेऊ?”

बाबांचे हात थांबले.

“चांदणी मेली?”

“हो.”

“मला कुणी सांगितलं नाय...”

त्यांनी हातातली डहाळी खाली ठेवली. मग म्हणाले, “कशी मेली?”

“तेच तर कळत नाही! काय कमी होतं तिला? गोठ्यात पंखा. सकाळ-संध्याकाळ मका, पेंड. नऊ फुटांची दोरी, आणि खुंटी रोज मोजून पुढं सरकवायचो मी. सगळ्या गवतावर सारखी चरली पाहिजे ना. तरी ओरडायची. दिवसभर. भूक असेल म्हणून खुराक वाढवला, तर आणखी ओरडायला लागली. शेवटी मी अभ्यासिकेला दुहेरी काच बसवून घेतली. मला लिहायचं असतं.”

“मग?”

“मग एक दिवस ओरडणं आपोआप थांबलं. म्हटलं, रुळली. पुढच्या आठवड्यात गेली. जनावरांच्या डॉक्टरांना आजार सापडला नाही.”

“बाई काय म्हणायच्या?”

“सुलभा? ती म्हणायची, अहो, ती कुणाला तरी बोलावतेय.” निमकर कसनुसं हसले. “आता बकरी कुणाला बोलावणार?”

बाबा उठले. कुडाकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

“चांदणी! ए चांदणी!”

निमकर चमकून बघायलाच लागले.

कुडामागून एक बकरी धावत आली. काळीभोर. कपाळावर तीच पांढरी टिकली. उजव्या कानाला तीच खाच.

फाइल खाली पडली. कागद धुळीत पसरले. निमकरांनी चिंचेचं खोड धरलं.

“ही... ही मेलीय, बाबा! खड्डा मी स्वतः खणलाय!”

बकरीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागद तुडवत ती तशीच उतारावरून खाली गेली, गाडीला वळसा घालून मागं गेली आणि डिकीपाशी थांबली. तिथं हुंगलं. डोक्यानं धडक दिली. मग ओरडली.

थांबून कान टवकारले, आणि पुन्हा ओरडली.

“ती चांदणी नाय,” बाबा म्हणाले. “तिची जुळी बहीण. शेवरी. कानाची खाच इथल्या सगळ्यांनाच असते. वर्ष झालं, चांदणीचं नाव घेतलं की ही येते धावत. गाडी दिसली की मागं जाऊन हुंगते. त्या मागच्या कप्प्यात घालूनच नेली होती ना तुम्ही तिला?”

निमकरांनी खाली गाडीच्या डिकीकडे पाहिलं.

“तुम्ही म्हणाला होतात... दोघींना न्या.”

“आन् तुम्ही म्हणालात, दहा गुंठ्यांत एकच बसते. कागदावर आकडे करून दाखवलेत. बाईंनी तवर तिला पोटाशी धरली होती, माझ्याच्यानं नाय म्हणवलं नाय. चूक माझी बी हाय.”

खाली गाडीचं दार उघडलं.

सुलभाबाई उतरल्या. गाडीला धरून मागं आल्या. बकरी दिसली तशी त्यांनी किंकाळी फोडली, मग भर धुळीत बसल्या आणि तिच्या गळ्याला मिठी घातली.

“ती नाही गं आली,” त्या म्हणाल्या. “खूप बोलावलं गं तिनं तुला. खूप बोलावलं.”

महिन्याभरातले पहिले शब्द. तेही बकरीशी.

निमकर धावतच खाली गेले. एक चप्पल वाटेत राहिली. “बोलली! बाबा, ही बोलली! हीच द्या. हीच जात. आत्ता नेतो.”

बाबा मागून सावकाश आले. येताना त्यांनी खुंटीवरचं एक दावं काढून आणलं होतं. जनावर दिलं तरी दावं देणाऱ्यानं ठेवून घ्यायचं, ही तिकडची रीत. हे दावं जुळ्या करडांचं होतं. एकच दोर आणि दोन्ही टोकांना सैल गाठीचा एकेक फास. रात्री शेवरीला त्यानंच बांधत; दुसरा फास वर्षभर रिकामा होता.

एक फास त्यांनी शेवरीच्या गळ्यात घातला.

मग ते निमकरांसमोर येऊन उभे राहिले. फकीर आशीर्वाद देणार, असं समजून निमकरांनी मान खाली घातली.

बाबांनी दुसरा फास त्यांच्या गळ्यात घातला.

सुलभाबाईंचा हात तोंडावर गेला.

“बाबा!” निमकरांचा चेहरा लालबुंद झाला. “अडुसष्ट वर्षांचा आहे मी! हा काय प्रकार?”

“एकटी आता द्यायची नाय, असं ठरवलंय मी.” बाबांनी दोराचा मधला भाग सुलभाबाईंच्या हातात दिला. “जोडी दिली, बाई. न्या.”

शेवरी निमकरांच्या सदऱ्याची बाही चघळू लागली.

“साहेब, एक विचारू?” बाबा म्हणाले. “बाईंनी बोलणं टाकलं, त्याच्या आधी... त्या तुम्हाला हाक मारायच्या?”

निमकरांनी नजर टेकडीकडे वळवली. वर चिंचेखाली कागद उडत होते. ते आणायला कुणी गेलं नाही.

“मारायची,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“दुहेरी काच होती...”

सुलभाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. दोर त्यांनी सोडला नव्हता.

निमकरांचा हात गळ्यातल्या फासाकडे गेला आणि तिथंच थांबला. फास इतका सैल होता की मान हलवली असती तरी निघाला असता.

“म्हणजे...” त्यांनी शेवरीकडे पाहिलं. “म्हणजे मी काय बकरी आहे, बाबा?”

“नाय साहेब,” बाबा म्हणाले. “बकरीला हाक ऐकू येते.”