ताठ मान

सहारा वाळवंटाची वाळू जिथे संपते आणि बाजरीची शेते सुरू होतात, त्या मुलखात एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन गावोगाव फिरत होता. तिकडे वाळवंटावरून कोरडा वारा सुटला की मागोमाग एक ताप येतो. तो मेंदूच्या आवरणाला धरतो, मान लाकडासारखी ताठते आणि औषध वेळेवर मिळाले नाही तर माणूस हातचा जातो. साथ कुठे सुरू झाली ते शोधून लस तिथे आधी पोचवायची, हे या दोघांचे काम. लस थोडी, गावे फार. त्यामुळे लसींची गाडी तिठ्यावर थांबे आणि शिष्य फोनवर सांगेल त्या गावाकडे वळे.

शिष्याचे नाव साबिऊ. तो हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एका दुपारी ते एका गावात शिरले. धुळीने सूर्य झाकोळला होता आणि भर दुपारी सावल्या पडत नव्हत्या. वाटेवर चिटपाखरू नव्हते, दारे लावलेली होती. साबिऊ दारोदार थांबून रीतीप्रमाणे क्षेमकुशल विचारी आणि आतून एकच शब्द येई, 'लाफिया'. म्हणजे सारे कुशल. पुढचे दार, लाफिया. त्याच्या पुढचे, लाफिया. आवाज निरनिराळे, पण सगळे सपाट आणि जमिनीलगतून आल्यासारखे. साबिऊच्या अंगावर काटा आला. तरी त्याने फोन करून कळवले की गाव निरोगी आहे, गाडी पुढे जाऊ द्या.

शेवटच्या घरापुढे मात्र हाजरा नावाची एक तरुण सून उभी होती. त्या मुलखात वडीलधाऱ्यांपुढे सुनेने मान खाली घालायची असते. हिनेही 'लाफिया' म्हटले, पण मान खाली घातली नाही. त्यांच्या पलीकडे कुठेतरी पाहत राहिली. एवढा थोर माणूस दारी आला आणि हिला त्याचा मान राखता येत नाही, म्हणून साबिऊ संतापला आणि चालू लागला.

तेव्हा वैद्याने एक विचित्र गोष्ट केली. हातातली जपमाळ त्याने मुद्दाम तिच्या पायांशी टाकली आणि ती उचलून द्यायला सांगितले.

हाजरा गुडघ्यांत वाकली. पाठ सरळ, मान सरळ, डोळे समोर. तिचा हात धुळीत माळेच्या आसपास चाचपडत राहिला. मग ती खाली बसली ती उठलीच नाही.

वैद्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, पिशवीतले औषधाचे इंजेक्शन तिथेच दिले आणि साबिऊला दारे उघडायला लावली. आत अंधारात माणसे चटयांवर पडली होती, डोकी मागे खेचलेली. साबिऊने पहिला उंबरा ओलांडताच त्यांतल्या एकाने, छतावरची नजर न हलवता, पुटपुटले, "लाफिया."

"मी विचारलं होतं, मालम," साबिऊ आपल्या गुरूला म्हणाला.

"विचारलंस, आणि उत्तरही मिळालं," वैद्य म्हणाला. "आपल्याकडे मरणाऱ्यालासुद्धा गाऱ्हाणं सांगायची लाज वाटते. जीभ शिकवलेलं बोलते रे, अंगाला ते जमत नाही. ती मान राखत नाही, असं तुला वाटलं. बिचारीची मान वळतच नव्हती. तुला राग आला ना, तिथंच थांबायचं होतंस. चांगल्या घरची सून वाकत का नाही, एवढंच स्वतःला विचारायचं होतंस. आता फोन लाव."

गाडी बरीच पुढे गेली होती. ती वळून येईपर्यंत साबिऊ वैद्याबरोबर घरोघर इंजेक्शने देत फिरला, पण तेवढ्यात दोन घरांत रडे उठलेच. उरलेल्या गावाला आणि शेजारच्या वस्त्यांना लस मिळाली, आणि साथ तिथेच थांबली.

वारा पडल्यावर साबिऊ एकटाच त्या गावी गेला. हाजरा पाठमोरी उभी राहून बाजरी कांडत होती. त्याने कुशल विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले, तरी मुसळ चालूच. या वेळी त्याला राग आला नाही, भीती वाटली. ताप जाताना तिचे कान घेऊन गेला होता.

तो वळसा घालून तिच्या समोर गेला आणि तिच्यापुढे त्याने मान खाली घातली. हाजराने मुसळ टेकवले. मग तीही वाकली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत, आणि साबिऊला रडू आवरेना.